‘इनॉक्युलेट’ म्हणजे लस टोचणेच का?

२०२२ च्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. लंडनमधील एका वैद्यकीय प्रयोगाचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले होते आणि त्याची इंग्रजी बातमी मराठीत आणण्याचे काम प्रस्तुत प्रतिनिधीकडे आले होते. इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी १८ ते ३० वयोगटातील ३६ निरोगी स्वयंसेवक निवडले होते. बातमीत त्यांच्यासंबंधी ‘वेअर इनॉक्युलेटेड’ असे शब्द होते. रात्रीची वेळ, पान सोडण्याची घाई. मसुद्यात वाक्य उतरले ते असे : ‘छत्तीस तरुणांना लस टोचण्यात आली; त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना करोनाची लागण झाली.’

मसुदा वाचणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारले, ‘‘अरे, लस टोचून निम्म्या लोकांना रोग होत असेल, तर ती लस कसली?’’

मूळ बातमी पुन्हा वाचल्यावर उलगडा झाला. त्या तरुणांपैकी कोणीही लस घेतलेली नव्हती; किंबहुना लस न घेतलेले आणि पूर्वी करोना न झालेले, अशीच त्यांची निवड झाली होती. सुईचाही तेथे संबंध नव्हता. त्यांच्या नाकात करोनाच्या विषाणूचे थेंब सोडण्यात आले होते. लागण कशी होते, किती विषाणू पुरतो, रोगी इतरांना केव्हापासून लागण देऊ शकतो, याचा तो अभ्यास होता. दोघांच्या रक्तात आधीच प्रतिपिंडे आढळल्याने त्यांना हिशेबातून वगळले गेले आणि उरलेल्या ३४ पैकी १८ जणांना लागण झाली. कोणाचीही प्रकृती गंभीर झाली नाही. म्हणजे ‘इनॉक्युलेट’ या शब्दाचा येथील अर्थ ‘रोगापासून वाचवण्यासाठी लस देणे’ असा नव्हता, तर ‘रोगाचे बीज मुद्दाम शरीरात सोडणे’ असा होता. नेमका उलटा! दक्षता मात्रा घ्यावी की न घ्यावी, अशी घरोघरी चर्चा सुरू असण्याच्या त्या दिवसांत ते वाक्य छापले गेले असते, तर ते किती मोबाइलवरून फिरले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

एकाच क्रियापदाचे परस्परविरुद्ध वाटावेत असे दोन अर्थ कसे झाले? त्याचे उत्तर शोधू लागले, की वाट दवाखान्याकडे न जाता थेट मोसंबीच्या रोपवाटिकेत जाते.

डोळा भरणे

‘इनॉक्युलेट’ हा शब्द लॅटिनमधील ‘इन’ म्हणजे आत आणि ‘ऑक्युलस’ म्हणजे डोळा या दोन शब्दांपासून बनला आहे. हा डोळा माणसाचा नव्हे, झाडाचा. फांदीवर पानाच्या बेचक्यात जो फुटवा येण्याच्या तयारीत असतो, त्याला रोमन शेतकरी डोळाच म्हणत. आपला शेतकरीही तेच म्हणतो. उसाच्या बेण्याला डोळे असतात, बटाट्याला डोळे असतात, आणि मोसंबी-संत्र्याची कलमे करताना जंबेरीच्या खुंटावर जे करतात त्याला ‘डोळा भरणे’ म्हणतात. खुंटाच्या सालीवर इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद घ्यायचा, साल अलगद उचलायची, जातिवंत झाडाचा डोळा सालीसकट त्या खाचेत बसवायचा आणि वरून पट्टी घट्ट बांधायची. डोळा जगला, की पुढचे झाड त्याच्या गुणाचे होते.

लॅटिन ‘इनॉक्युलेअर’ म्हणजे शब्दशः हेच. पंधराव्या शतकात हे क्रियापद इंग्रजीत आले ते बागायतीचा शब्द म्हणून. शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’मध्ये ते वापरले आहे, तेही कलमाच्याच रूपकात. इंग्रजी-मराठी कोशांत डावीकडे ‘इनॉक्युलेट’ आणि उजवीकडे ‘डोळा भरणे’ अशी नोंद पहिल्या क्रमांकावर असायला हवी होती, असे आमचे मत आहे. दोन भाषांत हजारो मैलांचे अंतर असूनही रूपक इतके तंतोतंत जुळण्याचे प्रसंग थोडेच.

रोगाचे कलम

अठराव्या शतकाच्या आरंभी या शब्दाने बाग सोडली. त्या काळी युरोपात देवीच्या रोगाने थैमान घातले होते. मात्र तुर्कस्तानात एक वेगळीच पद्धत रूढ असल्याचे इमॅन्युएल टिमोनी या वैद्याने कळवले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने १७१४ मध्ये त्याचे टिपण प्रसिद्ध केले. निरोगी माणसाच्या कातडीवर बारीक छेद घ्यायचा, देवीच्या सौम्य रोग्याच्या फोडातील पू त्यात भरायचा आणि वरून बांधून टाकायचे. छेद, भरणे, बांधणे! पाहणाऱ्याला कलम आठवले नसते तरच नवल. या क्रियेला ‘इनॉक्युलेशन’ हे नाव मिळाले. इंग्रज वकिलाची पत्नी लेडी मेरी वोर्टली माँटेग्यू हिने १७१७ मध्ये तुर्कस्तानातून मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात या पद्धतीचे वर्णन केले आहे. तिने वापरलेला शब्दही कलम करण्याचाच होता. स्वतः देवीचे वण चेहऱ्यावर बाळगणाऱ्या या बाईने १७१८ मध्ये आपल्या मुलावर आणि १७२१ मध्ये लंडनला परतल्यावर मुलीवर हा प्रयोग करवून घेतला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही लस नव्हती. तो खराखुरा देवीचा रोगच होता, फक्त आपण निवडलेल्या वेळी, कातडीच्या वाटेने दिलेला. माणूस आजारी पडे, फोड येत, क्वचित मृत्यूही येई. शिवाय तो इतरांनाही रोग देऊ शके. तरीही हिशेब फायद्याचा होता. १७२१ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात देवीची साथ आली, तेव्हा कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाने ही पद्धत सुचवली. त्याला ती सांगितली होती ओनेसिमस नावाच्या त्याच्या आफ्रिकी गुलामाने. त्याच्या मूळ देशात ती प्रचलित होती. झॅबडिएल बॉयल्स्टन या वैद्याने सुमारे २४० लोकांवर ती वापरली, त्यांतील सहा दगावले. त्याच साथीत नेहमीच्या मार्गाने ५,८८९ लोकांना देवी आल्या आणि ८४४ मेले. म्हणजे चाळिसात एक विरुद्ध सातात एक.

तेव्हा त्या काळच्या इंग्रजीत ‘इनॉक्युलेट’ म्हणजे ‘रोग देणे’ आणि ‘रोगापासून वाचवणे’ हे दोन्ही एकाच कृतीचे अर्थ होते. आज जे उलटसुलट वाटते, ते तेव्हा एकच होते. मराठीतील ‘देवी काढणे’ हा प्रयोगही असाच बोलका आहे. ‘देवी येणे’ म्हणजे रोग आपणहून होणे. ‘देवी काढणे’ म्हणजे तो मुद्दाम बाहेर आणणे. पुढे पद्धत बदलली, गायीची लस आली, तरी आपल्या आज्या ‘देवी काढल्या’ असेच म्हणत राहिल्या.

भारतातही ही विद्या जुनीच. बंगालमधील टीकादार गावोगाव फिरून देवी टोचत असत, त्याचे वर्णन जॉन झेफानिया हॉलवेल याने १७६७ मध्ये लिहिलेल्या पुस्तिकेत आहे.

गाय आली, गाय गेली

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर याने जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला, देवी नव्हे, तर गोस्तन देवी टोचली, हा इतिहास शाळेत सर्वांनी वाचलेला असतो. लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘वाका’. त्यावरून १८०० मध्ये रिचर्ड डनिंग या शल्यवैद्याने ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द घडवला. आता इंग्रजीत दोन क्रियापदे समोरासमोर उभी राहिली : ‘इनॉक्युलेट’ म्हणजे माणसाची देवी टोचणे, आणि ‘व्हॅक्सिनेट’ म्हणजे गायीची देवी टोचणे. पहिल्यात धोका होता, दुसऱ्यात जवळजवळ नव्हता. ब्रिटनने १८४० मध्ये पहिल्या पद्धतीवर कायद्याने बंदीच घातली.

गायीची ही लस भारतात प्रथम उतरली ती मुंबईत. व्हिएन्नाहून बगदाद, तेथून बसरा आणि मग समुद्रमार्गे मुंबई असा तिचा प्रवास झाला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि तिच्या हातावरील फोडातून लस घेऊन पुढे इतरांना. शीतपेट्या नव्हत्या, त्यामुळे माणसाचा दंड हीच कुपी. मराठीतील ‘लस’ हा शब्द याच चिकट द्रवाला चपखल बसतो. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यालाही आपण लसच म्हणतो. मूळ वस्तूचे इतके यथार्थ वर्णन इंग्रजी शब्दातही नाही.

पुढे १८८१ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत लुई पाश्चर याने जेन्नरच्या सन्मानार्थ ‘व्हॅक्सिन’ हा शब्द सर्वच रोगांच्या लसींसाठी वापरावा, असे सुचवले. ते मान्य झाले आणि शब्दातील गाय नावापुरती उरली. कोंबड्यांच्या कॉलऱ्याची लस, काळपुळीची लस, सगळीच ‘व्हॅक्सिन’!

‘इनॉक्युलेट’ मात्र मागे हटले नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि वाल्डेमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक लहानशी प्रयोगशाळा देण्यात आली. त्यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत या टोचणीला ‘इनॉक्युलेशन’च म्हटले जाई, कारण ‘व्हॅक्सिनेशन’ म्हटले की लोकांना अजून देवीच आठवत. गंमत अशी, की हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत हे क्रियापद दोनदा वापरावे लागे. मांसरसाच्या पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यात प्लेगचे जंतू सोडायचे. तुपापासून खाली लोंबणाऱ्या झुंबरांसारखी जंतूंची वाढ होई. हे द्रवाचे ‘इनॉक्युलेशन’. मग ते जंतू उष्णतेने मारून माणसांना टोचायचे. हेही ‘इनॉक्युलेशन’. एकदा जिवंत प्लेग, एकदा मेलेला! परळच्या ज्या वास्तूत १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा हलली, तिला १९२५ पासून हाफकिन यांचेच नाव आहे.

विरजण

प्रयोगशाळेतील हा अर्थ आजही पूर्णपणे चालू आहे, आणि भाषांतरकाराचा पाय घसरतो तो येथेच. रक्त किंवा थुंकी तपासायला दिली, की प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ त्यातील अंश पोषक माध्यमाच्या बशीवर पसरतो आणि जंतू वाढतात का ते पाहतो. तो ती बशी ‘इनॉक्युलेट’ करत असतो. बशीला कोणी लस टोचत नाही. या अर्थासाठी मराठीत शब्द हवा असेल तर स्वयंपाकघरात जावे. कोमट दुधात चमचाभर दही घालून रात्रभर ठेवणे, याला आपण विरजण लावणे म्हणतो; दुग्धशाळेच्या इंग्रजी पुस्तकांत त्याच क्रियेला दूध ‘इनॉक्युलेट’ करणे म्हणतात. विरजण म्हणजे ‘इनॉक्युलम’. दोन्हींत जिवंत जंतू अनुकूल जागी सोडून वाढू द्यायचे असतात.

शेतीतही तेच. सोयाबीन, तूर, हरभरा पेरण्यापूर्वी बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळतात. गुळाच्या थंड पाण्यात दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट कालवून बी सावलीत सुकवायचे. पाकिटावर इंग्रजीत ‘इनॉक्युलंट’ असते. एका प्रसिद्धिपत्रकाच्या भाषांतरात या संवर्धकाला ‘बियाण्यांची लस’ म्हटलेले आमच्या वाचनात आले होते. शेतकऱ्याने ते वाचून रोग पडणार नाही असे समजावे आणि फवारणी टाळावी, तर दोष कोणाचा? रायझोबियम पिकाला हवेतील नत्र मिळवून देतो. रोगापासून वाचवणे हे त्याचे काम नाही.

अर्थ ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे आणि ती शब्दयोगी अव्ययात दडलेली आहे. ‘इनॉक्युलेट’नंतर ‘अगेन्स्ट’ आले, म्हणजे अमुक रोगाविरुद्ध, तर लस टोचणे. ‘विथ’ आले तर पुढे काय आहे ते पाहावे. ‘विथ द व्हॅक्सिन’ असेल तर प्रश्नच नाही. पण ‘विथ द व्हायरस’ असेल तर तेथे विषाणूच सोडला आहे. उंदीर, माकडे, अंडी, पेशी, बशी यांच्या बाबतीत बहुधा हाच अर्थ. आणि ‘अगेन्स्ट’ही नाही, ‘विथ’ही नाही, नुसतेच ‘वेअर इनॉक्युलेटेड’ असेल, तर संपूर्ण बातमी वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. आमची फसगत झाली ती अशाच नुसत्या ‘वेअर’पाशी.

अडचणीत भर पडली ती २०२१ मध्ये. त्या वर्षी १६ जानेवारीला देशात करोना लसीकरण सुरू झाले आणि इंग्रजी वृत्तपत्रांना एकाच बातमीत ‘व्हॅक्सिनेट’ दहादा लिहायचे नव्हते. मग पर्याय म्हणून ‘इनॉक्युलेट’ आणि बोलीतले ‘जॅब’ सर्रास आले. सामान्य वाचकाच्या मनात दोन्ही शब्द एकरूप झाले. कोशांनीही हा अर्थ मान्य केला आहे, तेव्हा त्याला चूक म्हणता येणार नाही. पण लस नेहमी टोचलीच जाते असेही नाही. पोलिओचे थेंब पाजतात, रोटाव्हायरसची लसही पाजतात. अशा वेळी ‘टोचणे’ चालत नाही. ‘लस देणे’ हेच बरे.

टोचले म्हणजे झाले?

या दोघांबरोबर तिसरे एक क्रियापद नेहमी वावरते : ‘इम्युनाइज’. त्याचे मूळ लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे सार्वजनिक कर वा सेवेतून सूट मिळालेला. आपल्याकडील इनामदारासारखा. ‘व्हॅक्सिनेट’ ही आरोग्यसेविकेची कृती आहे. ‘इम्युनाइज’ म्हणजे त्या कृतीनंतर शरीराला रोगातून सूट मिळणे. पहिले घडले म्हणून दुसरे घडतेच असे नाही. मराठीत मात्र दोहोंना आपण ‘लसीकरण’ म्हणून टाकतो. १९८५ मध्ये देशात सुरू झालेल्या ‘इम्युनायझेशन’ कार्यक्रमाचे नावही मराठीत ‘सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम’ असेच झाले.

हा केवळ शब्दच्छल नाही. गोवराचे उदाहरण घ्या. नवव्या महिन्यात दिलेल्या पहिल्या मात्रेने साधारण ८५ टक्के बालकांना संरक्षण मिळते. म्हणजे शंभरातील पंधरा बाळांना लस टोचलेली असते, कार्डावर खूणही असते, आणि तरीही गोवर होऊ शकतो. त्या पंधरांसाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा असते. दोन्ही मात्रांनंतर संरक्षण सुमारे ९७ टक्क्यांवर जाते. ‘एकदा टोचून झालंय’ असे म्हणून दुसरी फेरी टाळणाऱ्या पालकांना कोणी हा फरक सांगत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराची साथ पसरली, बालके दगावली आणि पालिकेला जादा मात्रा देण्याची मोहीम घ्यावी लागली. तेव्हा ‘लस घेतली होती का’ हा एकच प्रश्न विचारून भागत नव्हते. किती घेतल्या आणि केव्हा, हेही विचारावे लागत होते.

जाता जाता दंडावरच्या वणाविषयी. साठीच्या पुढचे लोक दंडावरील वण दाखवून देवीची आठवण सांगतात. त्यांच्या नातवंडांच्या डाव्या दंडावरही वण असतो, पण तो क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीचा. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य परिषदेने ८ मे १९८० रोजी जाहीर केले आणि ती लस बंद झाली. एकाच घरातील दोन पिढ्यांच्या दंडावरील दोन वण दोन वेगळ्या रोगांचे आहेत, हे अनेकांच्या गावीही नसते.

‘इनॉक्युलेट’चा आणखी एक आलंकारिक उपयोग अलीकडे वारंवार दिसतो. विल्यम मॅकग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडले, की खोट्या युक्तिवादाचा सौम्य अंश आधी दाखवून त्याचे खंडन करून ठेवले, तर माणूस पुढील मोठ्या अपप्रचाराला सहजी बळी पडत नाही. अफवांविरुद्ध मन ‘इनॉक्युलेट’ करणे, असे इंग्रजी लेखांत येते ते यावरून. येथे ‘मनाला लस टोचणे’ हे भाषांतर चालून जाते.

आता वर्णलेखनाचे. इंग्रजी लिहिताना या शब्दात दोन ‘एन’ घालण्याची चूक सुशिक्षितही करतात. कारण डोळ्यांपुढे ‘इनोसंट’ असतो. पण त्या शब्दाचे मूळ वेगळे. त्यातील ‘नोसेरे’ म्हणजे इजा करणे, आणि ‘इन’ हा नकार. आपल्या शब्दाला इजेशी कर्तव्य नाही, डोळ्याशी आहे. दुर्बिणीला इंग्रजीत ‘बायनॉक्युलर’ म्हणतात, तोही त्याच डोळ्यापासून. तो शब्द लिहून पहिले ‘बी’ आणि शेवटचे ‘आर’ खोडावे, आणि मागे ‘टी’ व ‘ई’ जोडावे. ‘एन’ एकच उरतो.

त्या रात्रीच्या बातमीचे पुढे काय झाले? पान तोवर सुटायचे होते. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लाल पेनाने ‘लस टोचण्यात आली’वर काट मारली आणि समासात लिहिले : ‘नाकात विषाणू सोडण्यात आला’. मग थोडे थांबून खाली आणखी एक ओळ घातली : ‘या स्वयंसेवकांनी लस घेतलेली नव्हती.’ मूळ इंग्रजी बातमीत ही माहिती अगदी शेवटच्या परिच्छेदात होती. मराठीत ती पहिल्या परिच्छेदात गेली.